जेवल्यावर एक

नांदूरघाटच्या डॉक्टरअप्पांना गोळ्या सांगताना ऐकणं ही एक करमणूक होती. पेशंटच्या हातात पुडी ठेवायची, डोळे किलकिले करायचे आणि एका दमात म्हणायचं, "जेवल्यावर एक सकाळी, जेवल्यावर एक राती, पानी उकळून, तेलकट बंद, तंबाखू बंद, आठ दिसांनी दावायचं, चला कोन हाय?" मुहूर्त टळायला आलेल्या लग्नात मंगलाष्टकं उरकावीत तसं. शेवटचं 'चला कोन हाय' हाही औषधाचाच भाग असावा, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

मी माजलगावची. एम.डी.च्या प्रबंधासाठी मी विषय घेतला होता, खासगी दवाखान्यात रुग्णाची काळजी अधिक चांगली कशी घेता येईल. विषय भारदस्त होता, पण त्यासाठी कुणा डॉक्टरच्या खोलीत कोपऱ्यात बसून बघायला हवं होतं. आपल्या खोलीत कुणी टिपणं घेत बसलेलं कुणाला आवडतं? दोघा-तिघांनी मला चहा पाजून वाटेला लावलं. अप्पांनी चहाही विचारला नाही. म्हणाले, "बस की. पर खुर्ची येकच जादाची हाय. म्हातारं मानूस आलं की तू उठायचं." पहिल्या आठवड्यात माझ्याकडून अभ्यासापेक्षा उठाबशाच जास्त झाल्या.

अप्पा लिंगायत. घरात पिढ्यान्‌पिढ्या किराणा दुकान, हे घराण्यातले पहिले डॉक्टर. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि जिभेवर बाजारपेठ. कुणी ताठ्यात "सुई मारा" म्हणाला की विचारायचे, "टोचून चालायला तू बैल हाईस का बे?" तो हसला की त्याचं पोट दाबून बघायचे. हसताना पोट सैल सुटतं, हे त्यामागचं शास्त्र. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "रोग आंगात आसतो, कारण घरात आसतं." आणि म्हणूनच दुखणं समजलं नाही की ते पायात चप्पल अडकवून सरळ पेशंटच्या घरी जायचे.

गयाबाई त्यांची जुनी पेशंट. रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षं घेणारी, कधी न चुकवणारी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिच्यावरून वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. मुलगा विठ्ठल तिला जीपमध्ये घालून अंबाजोगाईला घेऊन गेला. जीव वाचला. पण रक्तदाब एवढा वर गेलाच कसा, हे अप्पांना कळेना.

ती घरी आल्यावर अप्पा निघाले, मी मागोमाग. गयाबाई खाटेवर होती. विठ्ठलची बायको शोभा पाणी घेऊन आली. अप्पांनी विचारलं, "गोळी चुकली व्हती का गं?"

"न्हाई की. तुमी सांगितलतं तशीच घ्यायच्या. जेवल्यावर."

"आन नवरात्रात?"

"नवरात्रात कुठं जेवत्यात त्या? नऊ दिस उपास. नुसता फराळ. जेवल्याच न्हाईत, मग गोळी कशी घ्यायची? तुमचा शब्द लई पाळायच्या बगा."

शोभा हे कौतुकानं सांगत होती. अप्पांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. आपल्याकडे ताटभर भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाल्लेल्या माणसाला 'जेवलात का' विचारा, तो 'नाही, उपास आहे' असंच सांगणार. फराळ तो फराळ, जेवण ते जेवण. हे अप्पांना ठाऊक होतं, मलाही होतं. फक्त मंगलाष्टकं म्हणताना ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

परतताना ते म्हणाले, "त्या गोळीला जेवन लागतच न्हाई, पोरी. उपाशीपोटीबी चालती. माज्या जिभेला सवय लागली नुसती."

"अप्पा, तेवढ्यानंच झालं असं म्हणता येत नाही," मी शिकलेल्यासारखं म्हटलं.

"म्हनता येत न्हाई. आन न्हाई म्हनताबी येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्या घरी गेले आणि विठ्ठलला सगळं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. गप्प राहिले असते तर शोभानं जन्मभर त्यांचं कौतुकच केलं असतं. विठ्ठलनं ऐकून घेतलं, आणि तो उठून उभा राहिला. "मग आता कावून आलात? जावा. पुन्ना ही पायरी चढू नका."

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. दवाखान्याबाहेरचा बाक रिकामा दिसू लागला. मला अप्पांचा अभिमान वाटत होता आणि त्यांची काळजीही वाटत होती. ते मात्र मला म्हणाले, "तुज्या परबंदात हे घाल. माज्या दवाखान्यात झालं आसं घाल." मार्गदर्शकांना विषय फार लहान वाटला. मी हट्ट धरला.

मग आम्ही येईल त्याला एकच विचारू लागलो, "जेवल्यावर म्हंजी कवा?" एक म्हणाला, श्रावणात एक वेळच जेवतो, म्हणून एकच गोळी. एकीचा सोमवार कडक, त्या दिवशी गोळीलाही सुट्टी. एकजण शेतावर जेवायचा आणि गोळ्या घरी. दर उत्तरागणिक अप्पा मान खाली घालायचे. शेवटी त्यांनी रक्तदाबाच्या गोळीचं मंगलाष्टक बदललं, "उठल्यावर, तोंड धुतलं की गोळी. उपास आसो, लगीन आसो, मयत आसो." आणि 'चला कोन हाय' गेलं. त्या जागी आलं, "आता तू सांग मला."

बाक पुन्हा भरू लागला, पण रांग हळू सरकायला लागली. लोक कुरकुरायचे, "अप्पा, परीक्षा घेता का?"

"व्हय. तू नापास झाला तर मी नापास."

पुढं तालुक्याच्या डॉक्टरांपुढं मी हा अभ्यास मांडला. एकजण म्हणाला, "पेशंटच अडाणी, आपण काय करणार?" अप्पा मागच्या रांगेतून उठले. "गयाबाई अडाणी न्हाई. जेवन आन फराळ यातला फरक तिला कळतो. मलाबी कळतो, माज्या घरीबी उपास धरत्यात. मी इचार केला न्हाई." आणि खाली बसले.

दर सोमवारी दवाखाना मिटला की ते विठ्ठलच्या घरासमोर जाऊन बसायचे. पायरी चढायची नाही म्हटलं होतं ना, मग पायरीखाली. विठ्ठल बघून दार लावून घ्यायचा. एका सोमवारी गयाबाईनं डाव्या हातानं ताटली वाजवायला सुरुवात केली आणि ती काही थांबेना. विठ्ठलनं दार उघडलं. त्यानंतर अप्पा आत जाऊन तिची उजवी बोटं एकेक उघडायचे, मिटायचे. शोभा चहा करायची. विठ्ठल तेवढ्या वेळात गोठ्यात निघून जायचा.

गयाबाई हळूहळू भिंतीला धरून चालू लागली. पुढच्या नवरात्रात तिनं उपास केला आणि गोळीही घेतली.

मागच्या हिवाळ्यात अप्पा गेले. दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांच्या शेतात, लिंगायतांच्या रीतीनं बसवून त्यांना माती दिली. मी तोवर शिकून त्यांच्याच दवाखान्यात बसू लागले होते.

काही दिवसांनी पेशंट आटोपल्यावर विठ्ठल आला. बसला नाही. म्हणाला, "बाई, अप्पांला मी घरात घेतलं. पर ते 'चूक माजी हाय' म्हनले, त्यावर मी कदी बोललोच न्हाई. जाऊ द्या म्हनायचं व्हतं. आज म्हनू, उद्या म्हनू, आसं करीत ऱ्हाऊन गेलं."

त्यांना कळलं असेल, असं मी म्हणणार होते. अगदी ओठांवर आलं होतं. पण कळलं असेल असं धरून चालल्यानंच तर सगळं घडलं होतं. मी दवाखान्याला कुलूप लावलं आणि त्याला अप्पांच्या शेतात घेऊन गेले.

मातीच्या उंचवट्यावर बेलाची पानं वाळली होती. विठ्ठल चपला काढून बसला. मग शेजारी बसलेल्याशी बोलावं तसा तो हळू म्हणाला, "अप्पा, जाऊ द्या आता. आई चालतीया."