काकूंनी परत बोलावलं

भोरच्या बाजारपेठेत काकूंचं शिलाईचं दुकान होतं. लग्न होऊन मी उत्रोलीला आले तेव्हा मला सरळ टीपसुद्धा मारता येत नव्हती. सगळं त्यांनी शिकवलं. अस्तर कसं बेतायचं, गळा फिरवताना कापड किती सैल सोडायचं, अंगानं जाड असलेल्या बाईचं माप घेताना तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून काय बोलत राहायचं. काकूंचे यजमान लवकर गेलेले, मुलगी लग्न होऊन पुण्याला. मशीनवर आम्ही तिघीचौघी असायचो, पण डबा त्या माझ्याजवळ बसून खायच्या. माझी आई मार्गासनीहून इंद्रायणी तांदूळ पाठवायची, त्यातला एक वाटा न विसरता काकूंचा असायचा.

दुकानातला एकच नियम जाचायचा. सकाळी आलं की आवाज बंद करून मोबाईल गल्ल्याच्या खणात टाकायचे, ते जेवायच्या सुट्टीत परत मिळायचे. एकीनं फोनवर बोलता बोलता गिऱ्हाइकाचा पैठणीचा ब्लाउज वाया घालवला होता, तेव्हापासून हे सुरू झालं.

त्या दिवशी एका लग्नघरचे ब्लाउज संध्याकाळच्या आत द्यायचे होते. काकू म्हणाल्या, "आज जेवण थोडं उशिरा करू गं सगळ्या." आम्ही मान खाली घालून शिवत राहिलो. फोन हातात आला तेव्हा उन्हं कलली होती. माझ्या धाकट्या भावाचे कितीतरी फोन येऊन गेले होते. मी लावला, तर तो एवढंच म्हणाला, "ताई, ये आता."

नवरा मोटरसायकल घेऊन आला. कापूरहोळवरून हायवेला लागलो, नसरापूर मागं टाकलं, तोवर मी देवाला काय काय बोलले ते आता आठवत नाही. माहेरच्या दारात माणसं बसलेली दिसली आणि कळलं.

सकाळी आईला दम लागला होता. भावानं तिला नसरापूरच्या दवाखान्यात नेलं. "दुपारपत्तोर बोलत हुती," तो म्हणाला. "दार वाजलं की बघायची, तू आलीस का म्हणून."

तेराव्याला काकू आल्या. दोन एसटी बदलून, एकट्याच. बायकांची गर्दी ओसरल्यावर मला परसात घेऊन गेल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

"तुला एक सांगायचंय. मी पाहिला होता गं तुझा फोन. सुट्टे पैसे काढायला खण उघडला, तर भावाचं नाव दिसत होतं. वाटलं, असेल काहीतरी घरचं. एवढे ब्लाउज होऊ देत, मग सांगू. परत उघडला तेव्हाही त्याचंच नाव दिसत होतं. तेव्हाही नाही सांगितलं."

त्यांनी हे सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. मी चार दिवसांनी मुकाट्यानं कामावर गेले असते, त्यांच्याच गळ्यात पडून रडले असते. मी पाठ फिरवून घरात गेले. त्या पाणीसुद्धा न पिता गेल्या. दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याच्या हाती निरोप धाडला की मी येणार नाही.

पुढं वर्षभर घरीच होते. शेजारपाजारची कामं यायची, फॉल-पिको, पोरींचे फ्रॉक. पण मशीनवर बसलं की काकूंचा आवाज कानात यायचा, "टाका जवळ घे." आईसाठी रडायला लागले की मधेच काकू आठवायच्या, आणि त्यांचा राग करायला गेले की आईच्या तांदळाची पिशवी हातात घेऊन हसणाऱ्या दिसायच्या. एकीसाठीसुद्धा धड रडता येईना.

भात काढणीच्या दिवसांत त्या उत्रोलीला आल्या. खूप वाळल्या होत्या. ओट्यावर बसल्या आणि उजवा हात पुढं केला. तो थरथरत होता.

"कात्री धरवत नाही. कटिंग तू कर, बाकीचं मी बघते. माफ कर म्हणायला आले नाही. ते मागायचं तोंड नाही मला. पण दुकान दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावंसं वाटत नाही."

"विचार करून सांगते," मी म्हणाले.

नवरा म्हणाला, "तुझं तू ठरव. पण घरात बसून बसून तुझं हसणंच गेलंय."

मी मार्गासनीला गेले, भावाला विचारायला. तो खळ्यावर पेंढा रचत होता. त्याला सगळं सांगितलं. त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली.

"ताई, तुला बोललो न्हाई. आईनंच मला थांबवलं हुतं."

"कशाला?"

"फोन लावायला. म्हणली, कामात आसंल ती. सारखं सारखं नको लावू, मालकीणबाई रागं भरतील तिच्यावर."

"मग आजवर सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय करायचं हुतं? अजून रडली असतीस."

रडलेच. परतीच्या एसटीत खिडकीकडं तोंड करून कापूरहोळपर्यंत रडले. पण रडून झाल्यावर आत काहीतरी सैल झालं होतं. आईनं कुणावर राग धरला नव्हता. मला कामाचा बोल लागू नये, एवढंच तिला शेवटी वाटत होतं. मग मी कुणाचा राग धरून बसले होते? उतरता उतरता मी ठरवलं, जायचं.

सोमवारी दुकान उघडायच्या वेळेला पोचले. मला बघून काकू उठल्या. त्यांनी माझं स्टूल फडक्यानं पुसलं. मी एक ब्लाउज बेतून घेतला आणि शिवायला लागले. बाकीच्या मुली अजून यायच्या होत्या. वाटलं, हीच वेळ आहे, काकूंच्या मनावरचं ओझं उतरवून टाकावं. म्हणून आईचे शब्द मी त्यांना जसेच्या तसे सांगितले.

काकू भिंतीला टेकल्या.

"म्हणजे जाताना त्यांना माझी भीती वाटत होती."

"तसं नाही काकू..."

"तसंच आहे. मी रागावेन म्हणून त्या माउलीनं लेकीला हाक मारायची थांबवली. तू घरी माझ्याबद्दल काय सांगायचीस गं?"

"वाईट कधीच नाही. फोन खणात ठेवावा लागतो, एवढं सांगितलं होतं."

त्यांनी डोळे मिटले. रस्त्यावर कुणीतरी शटर वर केलं, त्या आवाजानंही उघडले नाहीत.

"तू नको येऊस," त्या म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता. "तू रोज समोर बसलेली मला बघवणार नाही."

"मी मनातून सगळं काढून टाकलंय काकू."

"तू टाकलंस. मी कुठं टाकू?"

मी पुष्कळ विनवलं. त्या फक्त मान हलवत राहिल्या. हातातला ब्लाउज मी पुरा केला, हुक लावले, घडी करून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी शिवण उलटून पाहिली, नेहमी पाहायच्या तशी, आणि "छान," म्हणाल्या. मी बाहेर पडले. स्टँडवर पोचेपर्यंत मला वाटत होतं की मागून हाक येईल.

दिवाळीनंतर दुकान बंद झालं. मशिनी विकल्या आणि काकू पुण्याला लेकीकडं गेल्या. मला भेटल्या नाहीत.

मी घरीच शिवते. गेल्या लग्नसराईत भोरची एक बाई पत्ता विचारत उत्रोलीत आली. चांगले पाच ब्लाउजपीस होते तिच्या पिशवीत. "पुण्यात काकू भेटल्या होत्या, त्यांनी सांगितलं, तुमच्याकडंच द्या म्हणून," ती म्हणाली.

"कशा आहेत?"

"आता फारसं कुणाशी बोलत नाहीत. पण तुमचं नाव काढतात."

मी तिला उजेडात उभी केली आणि माप घ्यायला लागले.