मधल्या माणसाच्या हातातली एलएमजी

मी नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि लातूरला घर बांधले. मूळ गाव मुरुड. नोकरीतली शेवटची काही वर्षे मी वेपन ट्रेनिंग इन्स्ट्रक्टर होतो. त्यामुळे हत्यारे ओळखतो, एवढेच. पण एकदा शेजारच्या मास्तरांना त्यांच्या आजोबांच्या फोटोतली थ्री-नॉट-थ्री रायफल ओळखून दिली आणि तेव्हापासून लोक जुने फोटो घेऊन दारात यायला लागले.

मी आधी चेहरा पाहत नाही. पाय पाहतो. पिंढऱ्यांना पट्ट्या गुंडाळलेल्या असतील तर फोटो फार जुना. मग कमरेचा पट्टा, मग हातातले हत्यार, मग खांदा. चेहरा सगळ्यात शेवटी, कारण चेहरा दाखवून घरचे लोक मला हवे ते वदवून घेतात. अर्धापूरच्या एका केळीवाल्याने ‘कर्नल’ आजोबांचा फोटो आणला होता. खांद्यावर झालर, छातीवर दोऱ्या, सगळा थाट. आजोबा पलटणीच्या बँडमध्ये होते. मी तसे सांगितले. गडी चहा न पिता उठून गेला. मला वाईट वाटले, पण बँडवाल्याला कर्नल करायचा अधिकार माझ्याकडे नाही.

गेल्या हिवाळ्यात एक दिवस सकाळी दहा वाजता एक बाई आल्या. नाव सुनंदा. देवणीजवळच्या गावात शिक्षिका. वय अडतीस. वडील फौजेत होते, त्या पोटात असताना गेले, असे त्यांनी बसता बसता सांगितले. मी नेहमीसारखा चष्मा लावला आणि फोटो हातात घेतला.

बर्फ. दगड रचून केलेला मोर्चा. त्यापुढे तीन माणसे. पांढरे कोट, तोंडावर माकडटोपी, डोळ्यांवर गॉगल. तिघांचेही चेहरे दिसत नव्हते. मला पाय, पट्टा, खांदा काहीच पाहावे लागले नाही. मी चष्मा काढला आणि खुर्चीत मागे टेकलो.

“काका, बरं वाटंना का?”

“बरं आहे. फोटो कुठून मिळाला?”

“नांदेडला बबनकाका म्हणून होते, बाबांच्या पलटणीत. मागच्या महिन्यात वारले. त्यांच्या पोरानं ट्रंक उघडली तर हे निघालं. मागं लिहिलंय, बघा. शेषरावसंगं पोस्टवर.”

घरी वडिलांचा भरतीच्या वेळचा पासपोर्ट फोटो तेवढा होता. आता गावच्या शाळेत त्यांचा मोठा फोटो लावायचा होता, हत्यारासह. सुनंदाने मधल्या माणसावर बोट ठेवले.

“हे बाबा. आईनं जपलेला कागद हाय, त्यात लिहिलंय, एलएमजी चालवताना वीरमरण. हीच एलएमजी ना?”

“हो, लाइट मशीनगनच. मॅगझिन वर आहे. रायफलचे खाली असते.”

“डावीकडं बबनकाका, पाठीवर रेडिओ हाय म्हणून कळलं. हा उजवीकडचा रायफलवाला हलला. मानच वळवली ऐन टायमाला. फोटोवाला म्हणला, ह्याला कापून टाकू, मंग बाबा मोठे येतील.”

“हं,” मी म्हणालो.

एवढेच म्हणालो. तिने फोटो रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. मी तिच्याशी खोटे बोललो नव्हतो.

तो मधला माणूस मी होतो.

अडतीस वर्षांपूर्वी सुनंदाचा बाप शेषराव हुद्द्याने नाईक होता, मी शिपाई. आम्ही दोघेही लातूर जिल्ह्याचे, म्हणून पोस्टवर एका स्टोव्हवर चहा. दिवस ठरलेला. पहाटे स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारासह मोर्च्यात, मग हत्यारांची सफाई, मोर्च्यावरचा बर्फ काढणे, दर तासाला रेडिओवर रिपोर्ट. त्या दिवशी ऊन पडले. पोस्ट कमांडर सुभेदारसाहेबांकडे कॅमेरा होता. त्यांनी आम्हा तिघांना उभे केले. वेळ दुपारी दोन पन्नास.

मला शेषरावची मशीनगन हातात घेऊन फोटो हवा होता. रायफल काय, सगळ्यांच्याच फोटोत असते.

“शेषराव, दे की एकदा. मुरुडला पाठवतो फोटो.”

“घे. नीट धर. लेकराला धरल्यावानी धर.” त्याच्या बायकोला सातवा महिना होता. लेकराशिवाय त्याला दुसरी उपमा सुचत नव्हती.

त्याने माझी रायफल घेतली. साहेबांनी फोटो काढला. हत्यारे परत बदलायची होती. बबनच्या रेडिओवर हाक आली.

“टायगर वन, तुमच्या खालच्या नाल्यात हालचाल. ओव्हर.”

पुढचे वाक्य ऐकू आले नाही. पहिला गोळा मागच्या उतारावर पडला. दोन पंचावन्न. साहेब ओरडले, “एलएमजी, पुढच्या मोर्च्यात! फायर!”

एलएमजी माझ्या हातात होती. पुढचा मोर्चा पंधरा पावलांवर, मध्ये आडोसा काही नाही. मला ती चालवता येत होती, कोर्समध्ये मी पहिला आलो होतो. पाय उचलेनात. मी हात पुढे केले आणि म्हणालो, “तुझी हाय. घे.”

त्याने रायफल माझ्याकडे दिली, मशीनगन घेतली आणि गेला. मोर्च्यात पोचला असणार, कारण लगेच गोळ्यांचे बर्स्ट ऐकू आले. छोटे, मोजके, शिकवतात तसे. तीन वीसला ते थांबले. तोवर नाल्यातले लोक मागे हटले होते. पोस्ट वाचली.

ज्याचे हत्यार त्याच्या हातात, हा नियम आहे. कोणत्याही चौकशीत मी निर्दोष सुटलो असतो. पण चौकशी झालीच नाही, कारण त्या धावपळीत हे कोणी पाहिलेच नव्हते. नियमाच्या आड मी अडतीस वर्षे लपलो. लातूरहून देवणी दोन-अडीच तासांचा रस्ता. मी एकदाही गेलो नाही. त्याच्या बायकोने काही विचारले तर, ही भीती मला गोळ्यांच्या भीतीपेक्षा मोठी वाटली. पुढे ती माऊली वारल्याचे कळले तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. लिहायलाही लाज वाटते, पण वाटले हे खरे.

सुनंदा फाटकापर्यंत गेली होती. कडी काढली होती. मी गप्प बसलो असतो तर देवणीजवळच्या त्या शाळेत माझ्या फोटोला हार पडला असता आणि शेषराव फोटोवाल्याच्या कात्रीखाली गेला असता.

“बाई, थांबा.” मी उठून हाक मारली. “परत या. मधला माणूस तुमचा बाप नाही.”

ती परत येऊन बसली. मी सगळे सांगितले, वेळेसह. मध्ये एकदाही तिच्याकडे पाहिले नाही. तिने पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाली,

“तुम्ही भ्यालात.”

“हाव. लई भ्यालो.”

“अन् बाबा? ते भ्याले होते?”

काय सांगावे? शूर होता, हसत गेला, असे सांगितले असते तर तिला बरे वाटले असते.

“माहीत नाही, पोरी. त्याने एलएमजी घेतली तेव्हा मी खाली पाहत होतो. माझी हिंमत झाली नाही.”

तिने पर्समधून फोटो काढला, रुमाल उलगडला आणि उजवीकडच्या माणसाकडे पाहत राहिली. कापायच्या माणसाकडे.

“बाबा कुणाकडं बघायलेत?”

“माझ्याकडे. मी एलएमजी नीट धरली का, ते बघतोय.”

तेव्हा ती रडली. मीही रडलो. सैनिकाने रडू नये वगैरे मला कोणी सांगू नये.

जाताना तिने फाटकाजवळ सांगितले, “फोटो कापायचा न्हाई. तिघंबी राहू द्या. पण शाळेत तुम्ही यायचं. मला सांगितलं तेच लेकरांना सांगायचं.”

त्या रात्री मला झोप आली नाही. तीनशे लेकरे, गावकरी, शेषरावचे भाऊबंद. मधे दोनदा फोन करून तब्येतीचे कारण सांगायचे ठरवले होते. पण गेलो. आठ मिनिटे बोललो. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरे झाले. शेषरावचा धाकटा भाऊ, आता म्हातारा, माझ्याजवळ आला आणि त्याने खुर्ची पुढे सरकवली.

फोटोखाली काय लिहायचे ते हेडमास्तरांनी मला विचारले. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले.

“डावीकडून पहिले, सिग्नलमन बबन, रेडिओ सेटसह. मधला शिपाई गौतम, हातात नाईक शेषराव यांची एलएमजी. उजवीकडे नाईक शेषराव. हा फोटो काढल्यानंतर तीस मिनिटांनी वीरमरण. हातात शिपाई गौतमची रायफल.”

हेडमास्तर थांबले. “साहेब, कुणाचं हत्यार कुणाच्या हातात, एवढं कशाला लिहायचं?”

मी म्हणालो, “तेवढं लिहाच.”