दाखवायची चूल

आमच्या समोरच्या घरात दोन जावा राहतात. गल्लीत त्यांना कोणी नावानं हाक मारत नाही. एक थोरली, दुसरी धाकटी. मी दारात शिवणाचं मशीन घेऊन बसते, त्यामुळे त्यांच्या घरातलं बरंचसं मला आपोआप दिसतं. उरलेलं मी मान वाकडी करून बघते.

थोरली कामाला वाघ. लग्न होऊन आली आणि लगेच सूतगिरणीत लागली. दिवसभर उभं राहून तुटलेले धागे जोडायचे. नवऱ्याची हमाली कधी असायची, कधी नसायची, हिचा पगार मात्र यायचाच. त्यावर धाकटा दीर शिकला, त्याचं लग्न झालं, घरावर नवे पत्रे चढले. संध्याकाळी ती आली की सासूबाई पहिलं ताट तिचं वाढायच्या. ती नको नको म्हणायची आणि पहिलंच ताट घ्यायची.

मग गिरणी बंद पडली आणि थोरली घरी बसली. बसली म्हणजे आपलं म्हणायचं. धुणीभांडी, पाणी भरणं आणि धाकटीची पोरं सांभाळणं याला आपल्याकडे बसणंच म्हणतात.

पुढे सरकारनं शहरातल्या गरिबांसाठी रोजगाराची योजना काढली. प्रत्येक कुटुंबातल्या एका माणसाला काम मिळणार होतं. नाले साफ करायचे, रस्त्याकडेला झाडं लावायची, फुटपाथ दुरुस्त करायचे. नावं घ्यायला माणसं आली तेव्हा थोरली नेमकी आजारी आईकडे गेलेली. धाकटीनं आपलं नाव देऊन टाकलं. थोरली परत आली तर धाकटी हिरवं जॅकेट आणि गुडघ्यापर्यंतचे काळे बूट घालून दारात उभी.

"कशी दिसते मी, जाऊबाई?"

"दिसतेस की," थोरली म्हणाली.

तेव्हापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं ते कुठल्या औषधानं थांबणारं नव्हतं. संध्याकाळी पहिलं ताट आता धाकटीचं असायचं. धाकटी पाय चेपत बसायची, "आज काय ऊन होतं!" म्हणायची, आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्या बाईला लग्नानंतर एकटीनं बाजारात जायची भीती वाटायची, ती आता मुकादमाशी हुज्जत घालत होती. एका सकाळी धाकटीचे बूट सापडेनात. पाण्याच्या पिंपामागे निघाले. उंदरांनी नेले असतील, असं थोरलीच म्हणाली. एवढे मोठे बूट नेणारा उंदीर मी तरी पाहिलेला नाही. गल्लीत ती सांगत सुटली, "काम कसलं? झाडाखाली बसून गप्पा हाणतात." एकदा भाजीचं निमित्त करून ती नाल्याकडेनं गेली आणि धाकटीनं लावलेली रोपं बघून आली. रोपं चांगली धरली होती. तेही तिला आवडलं नाही.

सरकारला वाटलं असेल, घरात एक पगार आला की घराची गरिबी हटली. सरकारच्या घरात बहुतेक दोन जावा नसाव्यात.

शेवटी थोरली वॉर्ड ऑफिसात जाऊन थडकली. कारकून म्हणाला, "एक चूल म्हणजे एक कुटुंब, आणि एका कुटुंबाला एक काम. तुमची चूल वेगळी असेल तर बोला." ती तोंड पाडून घरी आली. त्यावर तोड काढली ती धाकटीनंच.

"मग मांडू या की दुसरी चूल, जाऊबाई. दाखवायला! तपासून गेले की पुन्हा एकत्र."

हे ऐकून थोरलीला बरं वाटायला हवं होतं. पण कामही आता हिच्या मेहरबानीनं मिळणार, याचाच तिला जास्त राग आला. तरी तिनं वेगळ्या चुलीचा अर्ज दिला, बाजारातून वातींचा नवा स्टोव्ह आला, पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात चार डबे मांडले गेले. गिरणीची सवय म्हणून थोरली तो स्टोव्ह रोज घासूनपुसून लख्ख करायची. स्वयंपाक मात्र आत धाकटीच्या गॅसवर, सगळ्यांचा.

तपासणीला वॉर्ड ऑफिसचा साहेब आला तो भर दुपारी. मशीन थांबवून मीही दारात जाऊन उभी राहिले. साहेब तरुण होता, पण डोळा पक्का. तो स्टोव्हपाशी वाकला आणि त्यानं वाती वर केल्या. पांढऱ्याशुभ्र.

"यावर साधा चहा तरी झालाय का कधी?" तो म्हणाला. "खोटं सांगितलं असेल तर आहे ते कामही जाईल."

थोरली पदरानं तोच लख्ख स्टोव्ह पुन्हा पुसायला लागली. धाकटी मात्र पुढे आली.

"वाती कालच बदलल्या, साहेब. भांडून वेगळ्या झालोय आम्ही."

"कशावरून?"

धाकटीनं क्षणभर थोरलीकडे पाहिलं. "माझं काम यांना बघवत नाही. माझे बूट पिंपामागे टाकले. मी झाडाखाली बसून फुकटचं खाते म्हणून गल्लीभर सांगितलं. मी ऐकलं सगळं, आणि तरी रोज यांना वाढलं."

थोरली आधी हसू दाबत होती. तिला वाटलं, काय बेमालूम नाटक करते ही! मग तिला धाकटीच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं.

"हो, जळते मी!" थोरली ओरडली. "तुझा नवरा माझ्या पगारावर शिकला. माझे पाय सुजले तेव्हा कोणी चेपले? आणि तू चार झाडं काय लावलीस, तर राणी झालीस! माझी जागा होती ती. माझी!"

"मग घ्या ना! मी कधी नाही म्हटलं? चूल मांडा म्हणून मीच सांगितलं ना?"

"तुझी भीक नकोय मला!"

साहेब बिचारा दोन पावलं मागे सरकला. त्यानं घाईघाईनं शेरा मारला. "पुरे, बाई, पुरे. चूल वेगळी. तुमचंही काम मंजूर." आणि तो जवळजवळ पळालाच.

सासूबाईंनी टाळी वाजवली. "काय गं बायांनो, काय सोंग वठवलंत! मलासुद्धा खरं वाटलं."

कोणीच हसलं नाही. धाकटी आत निघून गेली. थोरली कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. काम मिळालं होतं, पण ती बातमी सांगायला ती माझ्या दारापर्यंतही आली नाही.

संध्याकाळी आत फोडणीचा आवाज झाला. जेवायची नेहमीची हाक मात्र आली नाही. थोड्या वेळानं थोरलीनं काडी ओढली आणि स्टोव्ह पेटवला. सासूबाई रिकामं ताट घेऊन दोन्ही खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, साहेब गेला ना? मग आता मी कुणाकडे जेवू?"

थोरलीनं मान वर केली नाही.

"तिच्याकडे," ती म्हणाली. "या नोकरीत ती माझ्या आधीची आहे."