टेंभुर्णीच्या काकूंची शेवटची सलाइन

आज टेंभुर्णीच्या एका काकूंना शेवटची सलाइन दिली. त्यांना विचारूनच लिहितेय, फक्त नाव लिहू नको म्हणाल्या.

पायाचं इन्फेक्शन हाडापर्यंत गेलं होतं. पाय वाचवायचा तर सहा आठवडे अँटिबायोटिक शिरेतूनच द्यायचं होतं. तेवढे दिवस दवाखान्यात राहायला काकू काही तयार होईनात. शेवटी डॉक्टरांनी घरी सोडलं आणि नर्स म्हणून मी रोज सकाळी नऊला जायला लागले. कॅलेंडरच्या खिळ्याला बाटली टांगायची आणि तासभर थेंब थेंब सोडायची.

पहिल्याच दिवशी मी हात धुऊन येते तर काकू बाटली हातात धरून गॅसपाशी उभ्या. नळीत रक्त उलटं चढलेलं.

"दूध उतू चाल्लं होतं ना माय."

मी जाम रागावले. दुसऱ्या दिवसापासून काका स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. चहाही तेच करायला लागले, अगदी गोडमिट्ट.

आज नळी काढून कापूस दाबला, तशा काकू लगेच उठायला निघाल्या.

काका म्हणाले, "उद्या बी नऊला इथंच बसायचं."

"आता कशाला? बाटली संपली की."

"मंग रिकामी टांगीन."

काकू पदर तोंडाला लावून हसल्या आणि परत टेकल्या. काका चहा ठेवायला गेले.

तुमच्या घरातली बाई सलाइन लागल्याशिवाय तासभर बसते का हो?