पेशंट उपाशी आहे

बापू भूल देण्याआधी पेशंटला गोष्ट सांगायला लावायचा. टेबलावर आडवी झालेली, हातपाय गार पडलेली एखादी आजी असायची. हा तिच्या डोक्याशी स्टूल ओढून बसायचा आणि विचारायचा, "आजी, गाव कंचं?"

"कुंडल."

"मग लगीन कसं जमलं तुमचं? खरं सांगायचं हां."

आजी लाजत लाजत सुरू करायची. बापू हातातल्या सुईतून औषध सोडायचा, आणि गोष्ट सासऱ्याच्या बैलगाडीपर्यंत येते न येते तोच आजी झोपलेली असायची. दुसऱ्या दिवशी तो वॉर्डात जाऊन तिच्या खाटेच्या कडेला बसायचा. "हां, बैलगाडीचं काय झालं मग?" आणि शेवटपर्यंत ऐकूनच उठायचा. ऑपरेशन करणारा डॉक्टर लोकांच्या लक्षात राहतो, भूल देणारा राहत नाही. पण माझ्या दवाखान्यात येऊन "बापू डॉक्टर कुठं हायत?" असं विचारणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. मला बापूचा थोडा हेवाही वाटायचा.

आम्ही एकत्र शिकलो. मी सर्जन झालो, सांगलीत स्वतःचं हॉस्पिटल काढलं. बापू शेतकऱ्याच्या घरचा, कॉलेजात पहिल्या तिघांत असायचा. त्याने भूलशास्त्र निवडलं तेव्हा सरांनाही आश्चर्य वाटलं होतं. तो म्हणायचा, "झोपवायला काय अक्कल लागत न्हाई रं, उठवायला लागती." त्याचा स्वतःचा दवाखाना नव्हता. काळी बॅग घेऊन तो दिवसभर या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात फिरायचा. आम्ही सात-आठ सर्जन त्याच्यावर विसंबून होतो आणि प्रत्येकाला तो आत्ताच्या आत्ता हवा असायचा.

भूल द्यायच्या आधी पेशंटला काही तास उपाशी ठेवावं लागतं. त्यावरून बापूला बोलावण्याची एक युक्ती आम्हा सगळ्यांना माहीत होती. तो कितीही दमलेला असो, फोनवर एवढंच म्हणायचं, "बापू, पेशंट रात्रीपासून उपाशी आहे." पलीकडे गाडीच्या किल्ल्या वाजायच्या. मग, "आलो." स्वतःचा डबा कितीदा तसाच घरी परत न्यायचा, हे मला त्याच्या बायकोने, माधुरीवहिनींनी, फार उशिरा सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी काहीतरी बदललं. त्याने वॉर्डात जाणं सोडलं. गोष्टी अर्ध्यावर राहू लागल्या. एका पेशंटने विचारलंसुद्धा, "आवं, ते डॉक्टर ऐकायला आलं न्हाईत?" मी म्हणालो, कामात आहेत. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं. दोन ऑपरेशनांच्या मधला वेळ वाचत होता. कधी खिडकीतून दिसायचं, बापूची गाडी खाली येऊन उभी आहे आणि तो दहा-दहा मिनिटं आतच बसून आहे, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी वॉर्डबॉयला पाठवायचो. "जा, साहेबांना सांग, सगळं तयार आहे म्हणून."

एकदा हात धुता धुता तो म्हणाला, "सुहास, मला हल्ली पेशंटचं तोंड आठवत न्हाई. नुसत्या नाड्या आठवतात. आनि झोप तर येतच न्हाई गड्या. सकाळी बूट घालताना रडू येतंय."

मी काय म्हणालो? मी सिस्टरांकडे वळून मोठ्याने म्हणालो, "ऐकलं का, साऱ्या सांगलीला झोपवणाऱ्याला झोप येत नाही म्हणे!" सगळे हसले. बापूही हसला. मी ऑपरेशन सुरू केलं. त्या विनोदाबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. पण पुढे जे केलं ते त्याहून वाईट होतं.

वहिनींनी त्याच्यासाठी साताऱ्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. सांगलीत नको, कारण इथले सगळे ओळखीचे. वेटिंग रूममध्ये आपलाच पेशंट भेटला तर काय घ्या, असं बापूचं म्हणणं. एवढ्यासाठीही त्याला तयार करायला वहिनींना दोन महिने लागले होते. मला यातलं फक्त एवढंच ठाऊक होतं की बापू गुरुवारी सुट्टीवर आहे आणि साताऱ्याला 'दाखवायला' चाललाय. काय दाखवायला, ते विचारायची गरज नव्हती. मला कळलं होतं.

त्याच गुरुवारी सकाळी विट्याकडची एक आजी दाखल झाली. पित्ताशयात खडे होते. घाई काहीच नव्हती, आठ दिवसांनी केलं असतं तरी चाललं असतं. पण तिचा मुलगा फौजेत, त्याची रजा संपत आलेली. तो म्हणाला, "सर, आज होत नसंल तर कोल्हापूरला नेतो." गावात भूल देणारे दुसरेही होते. पण बापू समोर असला की माझा हात निवांत चालायचा. मी फोन लावला.

"सुहास, मी कराडला पोचलोय. दुसऱ्या कुणाला तरी बोलव की."

"बापू, पेशंट रात्रीपासून उपाशी आहे."

आजी तेव्हा माझ्यासमोरच बाकावर बसली होती.

गाडी कडेला घेतल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "आलो."

कराडहून गाडी वळवून तो दीड तासात आला. नेहमीप्रमाणे आधी पेशंटकडे गेला आणि भूल देणारा प्रत्येक डॉक्टर विचारतो ते त्याने विचारलं, "आजी, शेवटचं कवा खाल्लंय?"

"आत्ता मगाशी उप्पीट खाल्लं की. लय चांगलं हुतं. तुमी खाल्लं का?"

तो माझ्या केबिनमध्ये आला. मी उभा राहिलो. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "खोटं बोलायचं हुतं तर दुसरं काय बी बोलायचंस. आई आजारी हाय म्हणायचंस. हे एकच वाक्य मी कवा तपासलं न्हाई रं."

मग बॅग उचलायला वाकला आणि त्याला ती उचलता येईना. बॅग जड नव्हती. तो खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. मी वहिनींना फोन केला. त्या शाळेतून तशाच रिक्षाने आल्या, हाताला खडू लागलेला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भावजी, आज तरी त्यांना जाऊ द्यायचं होतं." मी म्हणालो, मी गाडी चालवतो, मी नेतो साताऱ्याला. बापूने मान हलवली. "तू नगं." माझा ड्रायव्हर त्या दोघांना घेऊन गेला. डॉक्टरांनी संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून त्याला तपासलं, हे उपकार मी विसरणार नाही.

त्याने काम थांबवलं. औषधं सुरू झाली, आणि तो रहिमतपूरला बहिणीकडे जाऊन राहिला. सांगलीत चर्चा झाली. कुणी म्हणालं, पाठीचं दुखणं आहे. मीही तसंच सांगत राहिलो. सात महिने त्याला भेटायला गेलो नाही. अंतर काही फार नाही, पण कोणत्या तोंडाने जाणार?

शेवटी एका रविवारी गेलो. तो ओसरीवर भाचीच्या सायकलची चेन बसवत होता. हात काळे. मला बघून म्हणाला, "ये. ते पुढचं चाक धर जरा." मी चाक धरलं. खाली मान घालूनच सगळं बोलून टाकलं. तो विनोद, ते कराड, ती थाप. मला सगळं कळत होतं आणि तरी मी फोन केला, हेही सांगितलं.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "तुझा लय राग आलावता. डॉक्टर म्हणाले, राग येतोय ही सुधारणा हाय. मग म्या रोज सकाळी तुला शिव्या दिल्या. वीसेक दिवस."

मी चाक आणखी घट्ट धरलं.

"पर समदं तुझ्या डोक्यावर घेऊ नगंस," तो चेन फिरवत म्हणाला. "न्हाई म्हणायची मलाच भीती वाटायची. बापू न्हाई म्हणला, तर बापूला इचारील कोण? हुशार पोरगं म्हणून वाढवलं ना आईबापानं. हुशार पोरगं दमत न्हाई."

निघताना धीर करून विचारलं, "परत काम सुरू केलंस तर माझ्याकडे येशील?"

त्याने हात पुसले. विचार केला. "न्हाई," म्हणाला. "तुझ्याकडं न्हाई, गड्या. हितं येत जा तू. बोलत बसू."

मी "बरं" म्हणालो. इतक्या वर्षांत कामाला तो मला पहिल्यांदाच नाही म्हणाला होता. परतीच्या वाटेवर ते लागत होतं आणि बरंही वाटत होतं.

आता तो आणि वहिनी रहिमतपूरलाच असतात; साताऱ्यात एका लहानशा रुग्णालयात तो आठवड्यातून तीन सकाळी जातो. दुपारी फोन बंद असतो. चुकून लागलाच तर वहिनी उचलतात आणि निर्धास्तपणे सांगतात, ते झोपलेत. रविवारी मी जातो. कधी तो गप्पा मारतो, कधी नुसता बसतो, आणि कधी सरळ सांगतो, "आज नगं सुहास, आज माझं मन बरं न्हाई." मग मी परत फिरतो.

सांगलीतले डॉक्टर मला अजून विचारतात, "काय, बापू झाला का पहिल्यासारखा?"

नाही झाला. तो पुन्हा कधी पहिल्यासारखा होऊ नये, एवढंच मी मागतो.