दादाने कॉलेज कुणासाठी सोडलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगवतंय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणूनही असेल.

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. बाबांची नोकरी गेली, तेव्हा मी कॉलेज सोडलं आणि मानपाड्याला एका कारखान्यात पॅकिंगला लागलो — धाकट्या बहिणीला, वैशूला, शिकता यावं म्हणून. पाहुणे आले की आई ती सांगते. मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

खरं काय होतं? बाबा म्हणालेले, "दोघं शिका. मी बघतो काय ते." आणि त्यांनी बघितलंही असतं — पुढे दुसरीकडे लागलेच ना ते.

मलाच त्या वर्गात बसवत नव्हतं. बी.ए.ला आम्ही मोजकी मुलं, बाकी सगळ्या मुली. आमच्या मोहने गावातली माझ्या वयाची पोरं केव्हाच गोदामात नाहीतर डिलिव्हरीला लागलेली. नाक्यावर मला बघून ओरडायची, "या मॅडम, सुटलं का लेक्चर?" मी हसायचो. आत जळायचो. त्यात मुली हुशार. एकदा सरांनी प्रश्न विचारला, मला येईना, शेजारच्या मुलीने हळूच उत्तर सांगितलं — मदतच केली ना तिने? मला तो अपमान वाटला. त्यानंतर मी गेलोच नाही. घरी म्हटलं, "वैशूला शिकू दे."

किती सोपं वाक्य! आई रडली. वैशू माझ्या पाया पडली.

आणि मग ती पोरगी त्या वाक्याखाली जगली. अंगात ताप असताना पेपरला गेली. मैत्रिणींबरोबर सहलीला कधी नाही. एकदा म्हणाली, "दादा, नापास झाले तर तुला तोंड कसं दाखवू?" तेव्हा तरी सांगायचं ना? नाही सांगितलं. कुणीतरी आपल्याला इतकं मानतंय — बरं वाटत होतं मला.

आज ती ठाण्यात प्राध्यापक आहे. तिच्याही वर्गात मुलगे कमीच. एखादा यायचा थांबला की ती त्याच्या घरी जाते. माझं अर्धवट बी.ए. तिनेच पुरं करून घेतलं, रविवारी समोर बसवून. त्याच्या जोरावर मी सुपरवायझर झालो. माझ्या लेकीचा अभ्यासही तीच घेते. पळून आलेल्या माणसाला हाताला धरून तिने परत नेलं — आणि तो पळालेला, हे तिला ठाऊकच नाही. असं माणूस माझ्या वाट्याला यावं, असं मी काय केलेलं?

गेल्या महिन्यात तिला पीएच.डी. मिळाली. कोपरीत एका हॉलमध्ये सत्कार होता. खांद्यावर घातलेली शाल तिने काढली, माईक घेतला आणि म्हणाली, "ही माझ्या दादाची." टाळ्या थांबेनात. आई डोळे पुसत होती.

मी स्टेजवर गेलो. वाकलो, आणि शाल घेतली.