घोडीला केलेला नमस्कार

देवयानी इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं बघायची आणि घरी सासूबाईंचं. दोन्हीकडे काम चोख झालं तर कुणाच्या लक्षात येत नसे आणि चुकलं की बोंब. सासूबाईंना, म्हणजे लीलावतीबाईंना, हल्ली माणसं ओळखू येत नव्हती. त्यांना भरवणं, फिरवणं, दर रविवारी टबात स्टूल ठेवून न्हाऊ घालणं, सगळं देवयानीच्याच गळ्यात होतं. नवरा नकुल वाईट नव्हता. त्याला फक्त आईकडे बघवत नसे. देवयानीला तरी बघवतं का, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

अशी दमलेली बाई पन्नाशीला टेकल्यावर घोड्यावर बसायला निघाली, तेव्हा तिथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. नकुल म्हणाला, "पडलीबिडलीस तर आईचं कोण करणार? एकदा जरी लागलं ना, की हे रायडिंग बंद." देवयानीने मान डोलावली. भांडायला वेळ कुणाकडे होता? पण शनिवारचा तो एकच तास तिचा स्वतःचा होता. तो गेला तर बाकीचा आठवडा कसा रेटायचा, हे तिला खरोखरच कळत नव्हतं.

म्हणून ती जपून असे. आपल्याला वाटतं, नवशिके घोड्यावरून पडतात. रायडिंग स्कूलमध्ये शिकवणारी हेदर म्हणायची, ते खाली उभे असतानाच जास्त मार खातात. घोड्याजवळ जायचं ते खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत. दोरी हाताला गुंडाळायची नाही. घोडा उधळला तर माणसालाही ओढत नेतो. जमिनीवर असतानाही हेल्मेट डोक्यावर हवं. आणि मागच्या पायांजवळ वाकायचं नाही म्हणजे नाही. देवयानीला हे सगळं पाठ होतं. नियम पाळण्यातच तिचा जन्म गेला होता.

त्या शनिवारी मात्र तिच्या डोळ्यांवर झापड होती. सासूबाईंनी रात्रभर झोपू दिलं नव्हतं. डेझी नावाच्या तपकिरी घोडीला ब्रश करून झाल्यावर देवयानी बादली उचलून मागच्या बाजूने वळली आणि तिचा बूट घोडीच्या मागच्या पायाला लागला.

आता पाय लागल्यावर मराठी बाई काय करते? विचार तर करतच नाही. वाकायचं, हात लावायचा, तो कपाळाला टेकवायचा. मग समोर माणूस असो, वही असो की गाय. देवयानी वाकली आणि तिने घोडीच्या खुराला हात लावला.

घोडीला नमस्काराचं काय कौतुक! तिने दचकून लाथ झाडली. खूर मनगटाला चाटून गेला, बादली उडाली आणि देवयानी तबेल्याच्या मागच्या फळ्यांवर आदळली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं.

"तिथे वाकलीस कशाला?" हेदर ओरडत आली. तिने देवयानीला बाहेर बाकावर बसवलं आणि बोटं हलवून बघायला लावली.

"माझा पाय लागला होता तिला. सॉरी म्हणत होते."

हेदर तिच्याकडे बघतच राहिली. "घोड्यांना सॉरी नको असतं. आपण कुठे आहोत एवढं कळलं की त्यांना पुरतं. ते जाऊ दे, तुला फार दुखतंय का?"

देवयानीला रडू फुटलं. हात काही एवढा दुखत नव्हता. पण हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, कित्येक महिन्यांत.

मग तिने घरी फोन लावला. "नकुल, घोडीची लाथ लागलीय. मनगट सुजलंय. सीरियस काही नाही."

"मी सांगितलं होतं तुला! आता ते रायडिंग बंद." मग त्याला आठवलं. "उद्या आईची आंघोळ जमेल ना?"

'जमेल' हा शब्द सवयीने ओठांवर आला होता. "नाही जमणार," ती म्हणाली.

"ओके, नो प्रॉब्लेम," नकुल अगदी समजूतदारपणे म्हणाला. "मग वेन्सडेला घाल. तोवर सूज उतरेल."

देवयानीला संताप यायला हवा होता. पण संतापायलाही अंगात जोर लागतो.

"उद्याच घालायची, आणि तू घालायचीस," ती दमलेल्या आवाजात म्हणाली. "तुझी आई आहे ती, नकुल. लाथ नाही मारणार."

तिने फोन ठेवला आणि हेदरला पुढच्या शनिवारची वेळ विचारली.